कासवाच्या पिल्लांना समुद्र कसा सापडतो? कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगामात पुळणीवर पिल्लं सोडताना, आणि मग वर्षभर फोनवर, हे प्रश्न येतच राहतात. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर हॅचरीच्या (कासवाची अंडी कुंपणात राखून उबवण्याच्या जागेच्या) कामाला जमेल तसा हात लावत आलो आहे, त्यामुळे उत्तरं याच किनाऱ्याला धरून आहेत. एखादा प्रयोग दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या जातीच्या कासवांवर झाला असेल, तर तिथे तसं सांगितलं आहे.

१. ही कुठली कासवं? पिल्लं कधी आणि कुठे दिसतात?

कोकणात अंडी घालायला येणारी कासवं जवळजवळ सगळी ऑलिव्ह रिडले जातीची. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढून येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थोपटून बसवते आणि तासाभरात परत जाते. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. वाळू गार असेल तर जास्त दिवस लागतात, तापलेली असेल तर कमी. म्हणून आमच्याकडे खरी गर्दी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

वेळास, आंजर्ले, केळशी, कोळथरे, दाभोळ, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, गावखडी, वायंगणी, शिरोडा ही आपल्याकडची काही ठिकाणं. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग.

२. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू समुद्र ओळखतं तरी कसं?

डोळ्यांनी. काळोख पाठीला घेऊन, क्षितिजालगत जिथे उजेड पसरलेला असेल तिकडे ते चालू लागतं.

पिल्लाच्या उंचीवरून पुळण कशी दिसत असेल याचा विचार करा. पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटर लांब, वजन पंधरा-वीस ग्रॅम. मागे वाळूचा चढ, त्यावर मर्यादवेल, मग केवडा, सुरूचं बन, माड आणि त्यामागे डोंगर. ही सगळी उंच काळी भिंत. समोर पाणी, त्यावर काही म्हणजे काही नाही. उघडं आकाश थेट पाण्याला टेकलेलं, आणि तारकांचा जो काही उजेड आहे तो पाण्यावरून परत येणारा. त्यामुळे नैसर्गिक पुळणीवर समुद्राची बाजू जमिनीपेक्षा नेहमी थोडी उजळ असते. हे खोटं वाटत असेल तर अमावास्येच्या रात्री पुळणीवर सगळे दिवे मालवून दहा मिनिटं उभे राहा. सुरुवातीला दोन्हीकडे सारखाच काळोख वाटेल. मग हळूहळू समुद्राच्या बाजूला एक फिकट पट्टा दिसायला लागेल. पिल्लाला हवा असतो तो हाच पट्टा.

त्याची नजरही या कामाला नेमकी बेतलेली आहे. डावी-उजवीकडे ती खूप रुंद, जवळजवळ अर्धं वर्तुळ पाहते. वर-खाली मात्र क्षितिजालगतचाच अरुंद पट्टा तिच्या हिशेबात धरला जातो. एखाद्या बारीक चमकत्या ठिपक्यापेक्षा एवढ्या रुंदीत एकूण उजेड कुठे जास्त आहे आणि उंच काळोख कुठे आहे, यावर दिशा ठरते. चंद्राच्या प्रश्नात (प्रश्न ५) आणि दिव्यांच्या प्रश्नात (प्रश्न १२) हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

३. आई जवळपास थांबलेली असते का? तिच्या मागून पिल्लं जातात का?

नाही. पिल्लं बाहेर येईपर्यंत आईला जाऊन दीड-दोन महिने झालेले असतात. बरोबर असतात ती फक्त भावंडं, आणि त्यांची मदत मोठी असते. अंड्याचं कवच फोडल्यावर पिल्लं लगेच वर येत नाहीत. वरच्या पिल्लांनी छताची वाळू खरवडायची, ती खाली पडायची, खालच्यांनी ती तुडवून दाबायची. असा तळ उचलत उचलत अख्खा घोळका काही दिवसांत पृष्ठभागाशी पोहोचतो. एकट्या पिल्लाला हातभर वाळू फोडणं फार जड जातं.

४. पिल्लं रात्रीच का बाहेर येतात?

वाळूच्या तापमानामुळे. पृष्ठभागाखाली दोन-चार बोटांवर पोहोचल्यावर वरची वाळू तापलेली लागली की पिल्लं निपचित पडून राहतात. सूर्य मावळून वाळू निवली की सगळी एकदम वळवळायला लागतात. यात त्यांचा जीव दोन तऱ्हांनी वाचतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी कोकणातल्या वाळूवर आपला पाय ठरत नाही, तिथे वीस ग्रॅमचा जीव भाजून निघेल. शिवाय कावळे, घारी आणि समुद्रगरुड रात्री नसतात.

५. पिल्लं चंद्राच्या मागे जातात असं ऐकलं आहे. खरं का?

हा समज सगळीकडे आहे, आणि तो खोडून काढायला आपला किनाराच पुरेसा आहे. ओडिशात समुद्र पूर्वेला, त्यामुळे पुनवेचा चंद्र पाण्यातून वर येतो आणि पिल्लं त्याच्याकडे निघाल्यासारखी वाटतात. कोकणात समुद्र पश्चिमेला. पुनवेचा चंद्र आमच्याकडे डोंगरामागून, म्हणजे पिल्लांच्या पाठीमागून उगवतो. ती चंद्राच्या मागे जात असती तर दर पुनवेला गावात शिरली असती. तसं होत नाही.

कारण प्रश्न २ मध्ये आलंच आहे. चंद्र वर चढला की तो पिल्लाच्या त्या अरुंद पट्ट्यातच राहत नाही. अगदी खाली असला तरी तो एक लहानसा गोळा, आणि तोही झाडांच्या आणि डोंगराच्या काळ्या भिंतीवर. उलट चांदण्याचा फायदा असा की सगळा समुद्र उजळतो आणि गावातल्या दिव्यांचा जोर त्यापुढे कमी पडतो. दिव्यांमुळे पिल्लं भरकटण्याचे प्रकार अमावास्येच्या आसपास जास्त होतात ते यामुळेच.

६. लाटांचा आवाज, खारा वास, वाळूचा उतार यांचं काय?

लाटांच्या आवाजावर पिल्लं दिशा ठरवतात असा पुरावा नाही. वासाचं म्हणाल तर आमच्याकडे थंडीच्या दिवसांत रात्री मतलई वारा सुटतो, तो जमिनीवरून समुद्राकडे. म्हणजे पिल्लं निघतात तेव्हा त्यांच्या नाकाशी समुद्राचा नाही, माडा-सुरूंचा वास येत असणार. तरी ती नीट पाण्याकडेच जातात.

उतार थोडा उपयोगी पडत असावा, विशेषतः डोळ्यांना काहीच दिसत नसेल तेव्हा. पण दिसण्याची आणि उताराची गाठ पडली तर जिंकतं ते दिसणंच. म्हणून तर दिव्याकडे निघालेलं पिल्लू चढाची वाळूही चढून जातं.

७. सगळं डोळ्यांवरच चालतं हे कळलं कसं?

डोळे झाकून. परदेशात हिरव्या कासवांच्या पिल्लांवर हे प्रयोग झाले. दोन्ही डोळे झाकले तर पिल्लाला समुद्र सापडेना. एकच झाकला तर ते उघड्या डोळ्याच्या बाजूला गोल गोल फिरत राही. यावरून असं दिसतं की पिल्लू दोन्ही डोळ्यांत येणाऱ्या उजेडाचा तोल साधत वळतं आणि उजळ बाजू समोर आली की सरळ चालतं. पुळणीवर उतरलेलं पिल्लू कधी कधी आधी एक गिरकी घेऊन मग निघतं. लोक म्हणतात, ‘गोंधळलं बिचारं’. ते गोंधळलेलं नसतं, अंदाज घेत असतं. त्याला घेऊ द्या.

८. हॅचरीत अंडी हलवलेली असतात. त्याने पिल्लांची दिशा चुकत नाही का?

नाही, कारण दिशा अंड्यात भरलेली नसते; बाहेर आल्यावर ती त्या रात्रीच्या पुळणीवरून वाचली जाते. हॅचरी त्याच पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर कुंपण घालून केलेली असते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केलं तेव्हा अंडी माणसं उकरून नेत होती, आणि उरलेली कोल्ही-कुत्री खात होती. माणसांचं बरंच थांबलं. कुत्र्यांचं अजून थांबलेलं नाही, म्हणून कुंपण हवंच.

अंडी हलवायची ती घातल्यापासून पहिल्या काही तासांतच. पुढे आतला गर्भ कवचाला धरतो आणि अंडं फिरलं तर दगावतो. म्हणूनच कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावातले कार्यकर्ते, पहाटेच्या अंधारात मादीचा माग काढत पुळण पालथी घालतात.

एक धोका मात्र आहे. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. रात्री वर आलेली पिल्लं तिच्याखाली हातपाय मारत राहिली तर पुढच्या पोहण्यासाठी साठवलेलं बळ तिथेच संपतं. टोपल्या पुन्हा पुन्हा उचलून पाहाव्या लागतात. फक्त सकाळ-संध्याकाळ, पाहुण्यांच्या वेळेपुरतं पाहणं मला पटत नाही.

९. पिल्लं इतकी दमतात, कावळे टपलेले असतात. थेट पाण्यात का सोडत नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या मनात कणवच असते. तरीही उत्तर नाही असंच आहे.

पुळणीवरचं ते चालणं वाया जात नाही. किनाऱ्याकडून पाण्याकडे सरळ चालताना आणि मग लाटांना तोंड देऊन पोहताना पिल्लू आपली खोल समुद्राची दिशा पक्की करतं, असं लॉगरहेड कासवांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. पुढे लाटांची खूण अंधूक होते तेव्हा हीच पक्की केलेली दिशा कामी येते (प्रश्न १० पाहा). उचलून पाण्यात टाकलं तर पहिला धडाच गाळल्यासारखं होतं.

म्हणून पाण्यापासून काही पावलं अलीकडे, ओल्या सपाट वाळूवर पिल्लं ठेवायची आणि मागे सरायचं. वाटेतल्या खेकड्यांना, कावळ्यांना राखण करून हटवता येतं. माणसांच्या पायांचे खोल ठसे आणि गाड्यांच्या चाकोऱ्या आधीच पायाने सपाट करून ठेवाव्यात. आपल्या टाचेचा खड्डा पिल्लासाठी विहीर असते.

१०. पाण्यात शिरल्यावर दिशा कशी कळते? तिथे तर क्षितिजही दिसत नाही.

पाण्यात खूण बदलते. आता लाटा. किनाऱ्याजवळ लाटा वळून जवळजवळ किनाऱ्याला समांतर होऊनच येतात, त्यामुळे लाटेच्या उलट पोहत राहिलं की किनारा मागे पडतो. लाट दिसायचीही गरज नाही. लाटेखाली पिल्लाचं शरीर वर, मागे, खाली, पुढे असं हेलकावतं आणि त्या हेलकाव्याच्या क्रमावरून लाट कुठून येते ते त्याला कळतं. अंधारात पिल्लाला यंत्राने कृत्रिम हेलकावे देऊन हे तपासलेलं आहे.

त्यापुढे पृथ्वीचं चुंबकत्व. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या लॉगरहेड पिल्लांवर केनेथ लोमन यांनी केलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काळोखात, स्थिर पाण्यात पिल्लं एका दिशेने पोहत होती. टाकीभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज सोडून चुंबकीय क्षेत्र उलटं केलं, तर पिल्लांनीही दिशा उलटी केली. त्यांच्या अंगात होकायंत्र आहे.

पहिला दिवसभर तरी पिल्लं जवळजवळ न थांबता पोहतात. शिदोरी म्हणजे पोटातला उरलेला अंड्याचा बलक. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मासे आणि पक्षी सर्वांत जास्त, तो पट्टा लवकर ओलांडायचा असतो.

११. लाटेने पिल्लू परत वाळूवर फेकलं. उचलून आत टाकू का?

नको. बहुतेक पिल्लांना पहिल्या दोन-तीन लाटा परत आणतातच. ते उलटं पडलं तरी मान आणि वल्ही वापरून बहुधा स्वतः सुलटं होतं. बराच वेळ उताणंच राहिलं तर कासवमित्राला दाखवा. पिल्लू हातात घेऊन समुद्रात भिरकावणं हा तर क्रूरपणाच आहे, आणि तो मी कॅमेऱ्यासमोर हसत केलेला पाहिला आहे.

१२. गावातल्या दिव्यांनी खरंच फरक पडतो का? आमचं हॉटेल तर पुळणीपासून लांब आहे.

पडतो. पिल्लाचा सगळा हिशेब ‘जमिनीकडे काळोख, समुद्राकडे उजेड’ यावर बसलेला आहे. मागे दिवा लागला की हिशेबच उलटतो. दिवा थेट दिसत नसला तरी बऱ्याच दिव्यांचा मिळून झाडांमागे जो उजेड आकाशात पसरतो, तोही क्षितिजालगतच असतो आणि रुंद असतो. पिल्लं रुंद उजेडाला भुलतात.

एका वर्षी आमच्या पुळणीच्या टोकाला एका नव्या राहुट्यांच्या जागी झाडांना माळा लावल्या होत्या. कुंपणाबाहेर आम्हाला न सापडलेलं एक घरटं होतं. सकाळी वाळूवर त्या इवल्या खुणा दिसल्या, पंख्यासारख्या पसरत समुद्राकडे जाण्याऐवजी सगळ्या वर, माळांकडे गेलेल्या. खुणा मोजल्या. पिल्लं मोजायला फारशी उरली नव्हती. त्यानंतर मालकांनी माळा स्वतःहून काढल्या, हे सांगायलाच हवं.

करायचं काय तर जानेवारी ते मेपर्यंत पुळणीच्या बाजूचे दिवे रात्री बंद. जे लागतातच ते खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वरून झाकलेले आणि समुद्राकडे पाठ केलेले. खिडक्यांना जाड पडदे. पुळणीवर शेकोटी नको, कारण पिल्लं थेट विस्तवाकडे येतात.

१३. पिवळा किंवा लाल दिवा लावला तर चालेल ना?

पांढऱ्या-निळ्या एलईडीपेक्षा पुष्कळ बरा. पिल्लांचे डोळे जांभळ्या, निळ्या आणि हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त ओढले जातात, पिवळसर-तांबड्याकडे कमी. लॉगरहेडची पिल्लं तर काही पिवळ्या उजेडापासून दूरही जातात, पण रिडलेच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. भरपूर तेजाचा पिवळा दिवाही फसवू शकतो. आधी बंद करता येतो का पाहा, मग झाका, मग रंग बदला. याच क्रमाने.

१४. फोटो काढायला मोबाइलचा उजेड क्षणभर चालेल का?

पिल्लं बाहेर येताना किंवा चालताना नाही, एक क्षणही नाही. शंभर माणसांचा एकेक क्षण म्हणजे सलग उजेडच. कासव महोत्सवात, म्हणजे पाहुण्यांसमोर पिल्लं सोडण्याच्या गावातल्या कार्यक्रमात, ती सूर्योदयानंतर किंवा संध्याकाळी सोडतात तेव्हा नैसर्गिक उजेड पुरेसा असतो. दोरीच्या मागे, बसून पाहा. उभ्या माणसांची रांग ही पिल्लासाठी आणखी एक काळी भिंत असते. ती त्याच्या मागे असली तर ठीक, पाण्याच्या बाजूला मात्र कुणीही उभं राहू नये.

१५. सकाळी किंवा ढगाळ दुपारी बाहेर आलेल्या पिल्लांना समुद्र सापडतो का?

सापडतो. नियम तोच, मोकळं उजळ क्षितिज. संध्याकाळी तर आपल्या किनाऱ्यावर मावळतीचा उजेड समुद्रावरच असतो, तेव्हा पिल्लं सरळ रेषेत जातात. दिवसाचा धोका रस्ता चुकण्याचा नाही. तो उन्हाचा आणि पक्ष्यांचा. आभाळ आलं किंवा अवकाळी पाऊस पडला की वाळू निवते आणि पिल्लांना रात्र झाल्यासारखं वाटतं, हे प्रश्न ४ वरून लक्षात येईल.

१६. सुरूची झाडं पिल्लांना चांगली की वाईट?

दोन्ही ऐकलं असेल आणि दोन्ही खरं आहे. सुरूचं दाट बन गावाचे दिवे अडवतं आणि उंच काळी कड तयार करतं. ओडिशातल्या ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर, जिथे दिव्यांमुळे पिल्लं भरकटतात, तिथल्या अभ्यासात सुरूच्या लागवडीचा हा उपयोग दिसला आहे. पण तीच झाडं भरतीच्या रेषेला खेटून लावली तर मादीला खड्डा करायला मोकळी वाळूच राहत नाही. त्यामुळे बन हवं, पण मागे. पुढची वाळू मर्यादवेलीसाठी सोडावी. ती वाळू धरून ठेवते.

१७. मुंबईसारख्या शहरातही पिल्लं निघतात म्हणे?

२०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर रिडलेची पिल्लं निघाली होती, लोकांनी अनेक महिने खपून कचरा काढलेल्या पुळणीवर. मात्र शहराच्या उजेडात पिल्लांना एकटं सोडून भागत नाही. तिथे माणसांनी राखणच करावी लागते.

१८. रस्त्यावर किंवा हॉटेलच्या अंगणात पिल्लू सापडलं. काय करू?

कोरडी बादली किंवा खोका घ्या, तळाला ओलसर वाळू घाला, पिल्लू अलगद ठेवा, वरून कापड टाकून अंधार करा. पाणी अजिबात घालू नका. पाणी लागलं की ते पोहायला लागतं आणि बादलीतच दमून जातं. गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. ते सांगतील तिथे, अंधाऱ्या पुळणीवर सोडायचं; ते कसं हे प्रश्न ९ मध्ये आहे. घरी टबात ठेवून ‘थोडं मोठं करून’ सोडायचा विचार करू नका. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते बाळगणं गुन्हा आहे.

१९. मोठी झाल्यावर मादी त्याच पुळणीवर परत येते का?

समुद्री कासवांच्या माद्या बहुधा जन्माच्या किनारपट्टीकडे परततात, आणि त्यासाठी लहानपणी टिपलेली तिथली चुंबकीय खूण वापरतात असं मानलं जातं. तीच वाळू, तोच दगड असा हट्ट नसतो. रिडले तर त्यातही सैल. ओडिशात २०२१ मध्ये ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. मध्ये सुमारे ३५०० किलोमीटरचा, बहुधा श्रीलंकेला वळसा घालणारा रस्ता. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळीच असतात असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, ते बदलावं लागलं. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावलेली बागेश्री उलट दिशेने, श्रीलंकेपलीकडे बंगालच्या उपसागरात गेली होतीच.

२०. सगळी गेल्यावर घरट्यात मागे राहिलेल्या पिल्लांचं काय होतं?

पहिला घोळका निघाला की एक-दोन दिवसांनी घरटं हाताने उकरून पाहतात. तळाशी कधी फुटकी कवचं, कधी न उबलेली अंडी आणि कधी दोन-चार पिल्लं असतात, झाडांच्या मुळांमध्ये अडकलेली किंवा उशिरा फुटलेली. वर यायला भावंडांचा रेटा त्यांना मिळालेला नसतो (प्रश्न ३). ज्यांच्या पोटाला बलकाची पिशवी अजून लोंबते, त्यांना ओलसर वाळूत, अंधारात, ती आत ओढली जाईपर्यंत ठेवतात. बाकीची त्याच संध्याकाळी सोडायची. एकटं सुटलेलं पिल्लूही तीच गिरकी घेतं, थांबतं आणि पाण्याकडे तोंड करतं. फक्त वेळ जास्त घेतं, तेव्हा जेवायची घाई करू नका. ते लाटेत दिसेनासं होईपर्यंत कावळ्यांकडे लक्ष ठेवून तिथेच थांबा.